मखर नको, मत हवं



अध्यक्षीय भाषणाचा पहिला भाग आभार मानण्यात जातो. तो वेळ आज मी भांडणासाठी घेणार आहे. समोर मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांचे विश्वस्त आहेत, मनोविकारतज्ज्ञ आहेत, नातेवाईक आहेत, लेखक आहेत आणि आजार भोगलेली आम्ही माणसंही आहोत. माझं भांडण पहिल्या रांगेशी आहे. आपली संस्था रुग्णांसाठी आहे, असं तुमच्या प्रत्येक वार्षिक अहवालात छापलेलं असतं. मग तुमच्या विश्वस्त मंडळावर आमच्यापैकी किती जण आहेत? आणि त्यातल्या किती जणांना मत आहे?

1885 साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना धाडलं. जोतीरावांनी ते पत्र लिहून नाकारलं. ज्यांचे हक्क हिरावले गेले त्यांचं दुःख हिरावणाऱ्यांच्या सभांत आणि पुस्तकांत उमटत नाही, आमचा विचार आम्हीच करू, अशी त्यांची भूमिका होती. पुढे दलित लेखकांनी आपलं जगणं आपल्याच हाताने लिहिलं आणि मराठी साहित्याला जाग आली. याचा आपण अभिमान बाळगतो. मग हाच न्याय मनाच्या आजाराला का लागू नाही? आमच्यावर नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, काही फार चांगल्या झाल्या. पण आमच्या आयुष्याचे निर्णय घेणाऱ्या बैठकीत आम्ही अजून दाराबाहेरच आहोत.

कायदा काय म्हणतो ते पाहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. केंद्राच्या आणि राज्याच्या प्राधिकरणांवर आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींच्या दोन प्रतिनिधींना त्याने जागा दिली. नातेवाईकांसाठी दोन जागा वेगळ्या ठेवल्या. पण दाखल करण्याविषयीच्या, हक्कांविषयीच्या तक्रारी ज्या पुनर्विलोकन मंडळापुढे जातात, तिथे सहापैकी दोनच जागा आम्ही, नातेवाईक आणि संस्था अशा सगळ्यांत मिळून आहेत. आजार भोगलेला एकही माणूस न घेता ते मंडळ रीतसर बसू शकतं. तुमच्या विश्वस्त मंडळांवर तर या कायद्याने तेवढंही बंधन घातलेलं नाही. म्हणून मला कायद्याकडे नाही, तुमच्याकडे बघून बोलायचं आहे.

आम्ही तिथे असलो तर काय फरक पडतो? एक साधी गोष्ट सांगते. मी ज्या वॉर्डात होते तिथे दाखल होताना सलवारीची नाडी काढून घेत. कारण सुरक्षेचं होतं, ते मला आजही पटतं. पण त्यानंतर जेवणाच्या रांगेत एका हाताने सलवार धरायची आणि दुसऱ्या हाताने ताट. आमटी सांडायची. मग कर्मचारी ओरडायचे आणि केसपेपरवर नोंद व्हायची, रुग्ण सहकार्य करत नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं असतं तर सुरक्षा राहिली असती आणि अब्रूही. हे सुचायला पदवी लागत नाही, त्या रांगेत उभं राहिलेलं असावं लागतं. ज्या टेबलावर कपड्यांची खरेदी मंजूर होते, त्या टेबलावर अशी बाई हवी.

आता तुमचे आक्षेप. पहिला: मध्येच आजार उलटला तर? विश्वस्तांची बायपास होते, त्यांना रजा मिळते, बरे होऊन ते परत खुर्चीवर बसतात. आम्हालाही तेवढंच द्या. दुसरा: यांना हिशेब, कायदा कळत नाही. नवा विश्वस्त उद्योजक असला तर त्याला तुम्ही सगळं समजावून देताच, आम्हालाही द्या. पुण्याच्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक होऊन काम करतात. स्वतःचा अनुभव तिथे कामाची पात्रता ठरतो.

तिसरा आक्षेप अवघड आहे: नातेवाईक आहेत ना तुमच्या वतीने? नातेवाईकांचं ऋण मोठं आहे. पत्नीच्या आजाराशी झुंजलेल्या, कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. अशा माणसांपुढे मी नतमस्तक आहे. तरीही आई थकलेली असते तेव्हा तिला मुलगा आणखी महिनाभर दाखल राहायला हवा असतो आणि मुलाला घरी यायचं असतं. दोघांचंही खरं असतं. म्हणूनच दोघांनाही आपापली खुर्ची लागते. आईने मुलाच्या वतीने बोलावं, ही व्यवस्था दोघांवरही अन्याय करते.

सध्या काय चालतं? मानसिक आरोग्य दिनाला आम्हाला बोलावता. आम्ही रडत रडत कहाणी सांगतो, सभागृह टाळ्या वाजवतं, शाल-श्रीफळ मिळतं. त्याच व्यासपीठावरच्या डॉक्टरांना मानधन मिळतं. बैठकीला बोलावलंत तरी विषयपत्रिका आधी हाती येत नाही, आणि इतिवृत्तात एकच ओळ उरते: अनुभवकथन झाले. आमचं मत मागितलं गेलं नाही, तर आम्ही ते दिलं असं कुणी लिहू नये.

म्हणून या संमेलनाने ठराव करावा. प्रत्येक संस्थेच्या विश्वस्त मंडळावर आजार भोगलेल्या किमान दोन व्यक्ती, पूर्ण मताधिकारासह. एक नको, कारण एकट्याला गप्प बसवणं सोपं असतं. दरवेळी तोच ओळखीचा इंग्रजी बोलणारा चेहराही नको. येरवड्याच्या, रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयातून बाहेर आलेली, मराठीत बोलणारी माणसं हवीत. विषयपत्रिका आठवडाभर आधी आणि मराठीत. प्रवासखर्च आणि मानधन इतरांइतकंच. कर्मचारी निवडीच्या मुलाखतीत आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत आमची हजेरी.

लेखकांनो, तुम्हालाही सांगणं आहे. या संस्थांच्या समारंभांना तुम्ही पाहुणे म्हणून जाता. जाण्याआधी एवढंच विचारा, तुमच्या मंडळावर रुग्ण किती? उत्तर शून्य आलं तर निमंत्रण परत करा आणि का केलं ते जाहीर लिहा. जोतीरावांनी एकशेचाळीस वर्षांपूर्वी हे करून दाखवलं आहे. मी आजपासून तेच करणार आहे.