लेस कापडापेक्षा जास्त जगते

(अकलोली, तालुका भिवंडी येथील बचतगटातील बायांनी सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)

आम्ही अकलोलीहून बोलतोय. तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं असलेलं आमचं गाव. वज्रेश्वरीला दर्शनाला आलेली माणसं कुंडांवर येतात, म्हणून पुष्कळजणींना गावाचं नाव ठाऊक असेल. आमच्या गटातल्या बाया क्रोशाची लेस विणतात, आणि ती कापडाला लावून रुमाल, उशीचे अभ्रे, लहान बाळांची झबली करतात. विणण्याबद्दल आज बोलणार नाही. विणून झालेली लेस कापडाला कशी जोडायची, एवढंच सांगणार आहोत. कारण आमचं सगळं नुकसान तिथंच झालं होतं.

एका दिवाळीच्या आधी आम्हाला फराळाच्या ताटावर झाकायचे 24 रुमाल करायचे होते. सगळा श्रावण आणि भाद्रपद आम्ही लेस विणत होतो. जास्तीत जास्त लेस आमच्यातल्या एका आजींनी विणली. भिवंडी जवळ, तिथं मागाचं कापड स्वस्त मिळतं, म्हणून कोरा मांजरपाट आणला. दिवस थोडे उरले होते. कापड न धुता कापलं, दोन रात्री जागून मशीनवर टिपा मारल्या आणि रुमाल देऊन टाकले. दिसायला अगदी सुबक होते.

दिवाळी झाली आणि रुमाल परत आले. पहिल्याच धुण्यात कापड आटलं, लेस तेवढी आटली नाही. त्यामुळं काठ झालरीसारखा लाटा घेऊ लागला. कोपऱ्यांवर लेस ताणून बसवली होती, ते कोपरे द्रोणासारखे वर वळले. आणि काही ठिकाणी मशीनच्या सुईनं क्रोशाचा दोराच मधोमध फोडला होता. क्रोशा म्हणजे फाशात फास. एक दोरा तुटला की शेजारचा सुटतो, मग त्याच्या शेजारचा.

आम्ही एकमेकींकडं बघत बसलो. आजी काही बोलल्या नाहीत. चष्मा लावला, ब्लेडचा तुकडा घेतला आणि मशीनची टीप उसवायला लागल्या. पाच-सहा दिवस त्या तेच करत होत्या. एकदाच म्हणाल्या, "कापड गेलं तर मीटरवर मिळतं गं. ही लेस कुठल्या मीटरवर आणणार?"

तेव्हापासून आम्ही जे शिकलो ते आता क्रमानं सांगतो. रेडिओवर दाखवता येत नाही, म्हणून मापं नीट ऐका. हाताशी कागद असेल तर लिहून घ्या.

पहिलं काम पाण्याचं. मागावरून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून ती लावतात. खळीमुळं कापड कडक आणि भरीव दिसतं, धुतल्यावर ती निघून जाते आणि कापड आटतं. म्हणून कापड कापायच्या आधी रात्रभर भिजवा, सकाळी साबणानं धुवा, वाळवा, इस्त्री करा. लेसही भिजवायची. रंगीत लेस असेल तर तिचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर ती लेस पांढऱ्या कापडाला लावू नका. लेस पिळायची नाही. जाड टॉवेलवर सरळ पसरा, कंगोरे बोटांनी मोकळे करा, टाचण्या लावा आणि सावलीत तशीच वाळू द्या.

दुसरं काम मापाचं. लेस टांगून मोजू नका, ती आपल्या वजनानं लांबते. चटईवर सैल ठेवून मोजा. आता 12 इंचांचा चौकोनी रुमाल घ्या. चार बाजू मिळून 48 इंच झाले. पण 48 इंच लेस पुरत नाही. लेस कोपऱ्यावर वळते तेव्हा तिच्या बाहेरच्या कडेला जास्त जागा लागते. नियम सोपा आहे: लेस जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट लांबी प्रत्येक कोपऱ्याला जादा द्यायची. लेस एक इंच रुंद असेल तर कोपऱ्याला 2 इंच, चार कोपऱ्यांना 8 इंच. शिवाय सांध्याला एक इंच. म्हणजे 57 इंच. आमच्या 24 रुमालांना आम्ही हे 8 इंच वाचवले होते, आणि त्याचेच द्रोण झाले.

कोपऱ्यावर काय करायचं? लेसच्या सरळ कडेत त्या 2 इंचांपुरता बारीक धावदोरा घाला, हलकेच ओढा आणि चुण्या कोपऱ्याच्या टोकाशी गोळा करा. चुण्या आतल्या कडेला राहतात, बाहेरची कड पंख्यासारखी सपाट पसरते. लेसचा सांधा कोपऱ्यावर आणू नका. तो एखाद्या बाजूच्या मधोमध घ्या, अर्धा इंच एकावर एक ठेवून बारीक टाक्यांनी बंद करा.

आता हातशिलाई. आधी कापडाच्या कडेला पाव इंचाची दुहेरी दुमड घालून ती पक्की करा. उघड्या कडेला लेस लावली तर कापडाचे धागे निसटतात आणि लेस सुटून येते. मग कापड आणि लेस सुलट बाजू समोरासमोर धरा, कडेला कड लावा. लेस तुमच्याकडं ठेवा. सुई बारीक घ्या, दोरा सुती आणि एकेरी घ्या, बोटांपासून कोपरापर्यंत लांब. त्याहून लांब दोरा गुंततो आणि घासून झिजतो. नायलॉनचा कडक दोरा वापरू नका, तो नाजूक सुताला काचतो.

गाठ मारू नका. एकाच जागी दोन बारीक उलट्या टिपा घ्या आणि सुरू करा. कडेवरून वळसा घेत तिरपे टाके घाला. प्रत्येक टाक्यात दुमडीचे दोन-तीन धागे आणि लेसच्या कडेचा एक फास आला पाहिजे. सुई फासाच्या पोकळीतून काढा, दोऱ्यात खुपसू नका. दर चार बोटांवर एक उलटी टीप घ्या. पुढं कुठं दोरा तुटला तरी चार बोटांएवढंच उसवतं, सगळी लेस लोंबत नाही. टाका घट्ट ओढू नका. उघडल्यावर लेस आणि कापड एका पातळीत सपाट पडलं पाहिजे.

मशीनवर लावायची असेल तर आधी लेस बघा. जिची एक कड सरळ आणि दाट विणलेली आहे, तीच मशीनवर टिकते. दोन्हीकडून जाळीदार असेल तर हातानंच लावा. मशीनचे दाते खालचं कापड पुढं ओढतात आणि वरचा पाय वरचा थर मागं रेटतो, म्हणून दोन थर सारखे चालत नाहीत. टाचण्यांवर भरवसा ठेवू नका, आधी धावदोऱ्यानं सगळी लेस टाचून घ्या. कापड दात्यांवर, लेस वर, आणि लेसवर पातळ कोरा कागद ठेवा. मग पायात फास अडकत नाहीत. टीप मारून झाली की कागद फाडून काढायचा. छापील कागद नको, शाई उतरते. सुई नवी आणि बारीक घाला, पातळ सुती कापडाला 11 नंबरची. बोथट सुई क्रोशाचा दोरा फोडते, आमचं तेच झालं. टीप फार बारीक ठेवू नका, उसवायची वेळ आली तर ब्लेड लेसला लागतं. आपल्या घरच्या पायमशीनवर सरळ टीपच पडते, ती दाट कडेच्या अगदी मधून न्या. झिगझॅगचं मशीन असेल तर सुई एकदा कापडात, एकदा लेसवर पडली पाहिजे.

मग हात बरा की मशीन? आम्ही आता असं ठरवलंय. रोज घासून धुतली जाणारी वस्तू, दाट कडेची लेस, आणि पुष्कळ नग असतील तर मशीन. रुखवतातली वस्तू, बाळाचं झबलं, आजीच्या हातची लेस असेल तर हात. यामागं एक कारण आहे. चांगली लेस कापडापेक्षा जास्त जगते. अभ्रा डोक्याखाली विरतो, तेल पिऊन पिवळा पडतो, पण त्याची लेस शाबूत असते. हातानं लावलेली लेस कात्रीच्या टोकानं तासाभरात सुटते आणि नव्या कापडावर जाते. मशीनची टीप उसवताना मात्र दर वितीला जीव मुठीत धरावा लागतो. आजींचे ते सहा दिवस आम्ही विसरलेलो नाही.

आता पैशाचं बोलू, कारण ते बोलायला आपण लाजतो. सरावलेल्या बाईला एक वीत लेस विणायला आमच्याकडं पाऊण तास लागतो. 57 इंचांना जवळजवळ पावणेपाच तास. दुमड आणि जोडणी धरून सहा तास झाले. रोजगार हमीचा राज्यातला दर 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 39 रुपये. त्या हिशोबानं एका रुमालाची नुसती मजुरी 234 रुपये, कापड आणि दोरा वेगळा. आणि आम्ही तो रुमाल दिला होता 60 रुपयांना! फुकट गेलेला माल तर दिसला होता, पण चांगला असता तरी आम्ही तोट्यातच होतो, हे कागदावर मांडल्यावर कळलं.

हे फक्त आपलंच नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना लेस शिकवली, आणि पुढं हजारो घरांत ती विणली जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंचं या लेसवाल्यांवरचं पुस्तक 1982 साली निघालं. त्यांनी दाखवून दिलं की दिवसभर विणणाऱ्या या बायकांना कुणी कामगार म्हणतच नसे. घरी बसलेली बाई, फावल्या वेळात करते, असं म्हणून मजुरी अगदी थोडी, आणि माल परदेशी पाठवणाऱ्यांना नफा. नरसापूरच्या क्रोशाला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं हे चांगलंच. पण आपल्या तासांची नोंद आपण स्वतः ठेवली नाही, तर ती दुसरं कुणी ठेवत नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. गटाच्या वहीत आता प्रत्येक नगापुढं विणण्याचे तास आणि जोडण्याचे तास वेगळे लिहितो, आणि दर विचारला की वही उघडतो. दुसरं, चारी बाजूंना लेस लावणं ठरवून मागितलं तरच करतो. एरवी रुमालाच्या एकाच बाजूला दीड वीत लेस लावतो. कष्ट चौथ्या हिश्शावर येतात, किंमत गिऱ्हाइकाला झेपते आणि आपली मजुरीही सुटते.

त्या 24 रुमालांतली बरीचशी लेस वाचली. आजींनी तुटलेले फास पुन्हा उचलले. ती लेस धुतलेल्या कापडावर, हातानं, कोपऱ्याला 2 इंच सोडून लावली. त्यातला एक रुमाल आमच्या बैठकीच्या खोलीत पाण्याच्या माठावर असतो. कितीदा धुतला, पण कोपरे अजून सपाट आहेत.

ताईंनो, आज घरी एक काम करा. पेटीत, गाठोड्यात जुना अभ्रा नाहीतर झबलं असेल, त्याची लेस बघा. कापड गेलं असेल तर बोहारणीला देण्याआधी लेस उसवून ठेवा. कुणाच्या हातची आहे ते चिठ्ठीवर लिहा आणि सोबत ठेवा.