भरावाच्या भिंतीवर वेल कोणता चढवावा?

(शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



रेणापूरच्या बाजूला काय, सगळ्या लातूर जिल्ह्यात काय, अंगण उंच आणि गल्ली किंवा परसबाग खाली, अशी घरे पुष्कळ आहेत. मधला मातीचा भराव अडवायला दगडाची भिंत घातलेली असते. कुठे कमरेएवढी, कुठे पुरुषभर. उन्हाळ्यात ती तापते, दिसायलाही उघडीबोडकी दिसते. मग घरातली मंडळी म्हणतात, “एखादा वेल लावून टाका हो तिच्यावर.” विचार चांगला आहे. सावली होते, भाजी होते. पण वेल निवडण्याआधी ती भिंत एकदा नीट पाहून घ्या.

आपली माती काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट भिंतीच्या पाठीशी उतरते. पाठीमागची माती फुगली की ती भिंतीला पुढे रेटते. भिंतीला पोट येते, दगड सुटू लागतात. वेल हे दुखणे बरे करत नाही, फक्त झाकतो. वरून हिरवेगार दिसते, आणि एखाद्या झडीत भिंत अंगणासकट खाली येते. खाली जनावर बांधलेले असेल, पोरे खेळत असतील, तर काय होईल ते सांगायला नको.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. पडलेल्या घरांच्या भिंती काही पातळ नव्हत्या. चांगल्या जाडजूड होत्या, पण दगड मातीत रचलेले, आणि आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. जाड दिसते ते मजबूत असतेच असे नाही, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. अंगणाची भिंतही बहुधा तशाच बांधणीची असते.

म्हणून एकच नियम ध्यानात धरा: वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, भिंत पायापासून माथ्यापर्यंत उघडी दिसली पाहिजे. ज्या वेलाने हे जमते तो आपला वेल.

या नियमाला हंगामी भाजीचे वेल उत्तम बसतात. दोडका, घोसाळे, कारले आणि वाल. पाऊस लागला की जून-जुलैत बी टोकावे. दोडका साधारण दोन महिन्यांत तोडायला येतो. वालाला दिवस लहान होऊ लागले की फुले येतात आणि हिवाळाभर शेंगा मिळतात. वालाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्रही देतात. होळीपर्यंत हे वेल वाळतात. ते ओढून काढा, की भिंत तपासायला मोकळी. शिवाय हे वेल मुख्यतः पावसावर येतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. भर उन्हाळ्यात पाणी मागणारा वेल आपल्याला परवडत नाही.

कायमचा वेल हवा असेल तर तोंडली लावा. पण तोंडलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. म्हणून छाट घ्यायचे ते फळ देणाऱ्या वेलाचेच. गुळवेलही छाटापासून येते आणि कमी पाण्यात तगते. मात्र या दोन्ही वेलांना दर उन्हाळ्यात छाटून खाली आणा. बोगनवेल आणि मधुमालती दिसायला देखण्या, पण पुढे लाकडासारख्या जाड आणि जड होतात. सिमेंटात पक्की बांधलेली भिंत असेल तरच त्यांचा विचार करा, आणि बोगनवेलीचे काटे पोरांच्या वाटेवर येऊ देऊ नका.

आता काय लावू नये ते ऐका. मुळ्या रोवून भिंतीला चिकटणारे शोभेचे वेल मातीच्या जोडाईवर नकोत, त्यांच्या मुळ्या सांध्यात शिरतात. घाणेरी नको, ती जनावरांना विषारी आहे. माथ्याच्या कडेला रताळी नकोत, कारण ती खणताना भिंतीच्या पाठीची माती ढिली होते. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे पाखरांच्या विष्ठेतून सांध्यात उगवतात. ती बोटाएवढी असतानाच मुळासकट उपटा. मोठी झाली की दगड फोडूनच राहतात.

लावायची रीत सोपी आहे. भिंतीच्या पायथ्यापासून दोन फूट सोडून हातभर खड्डा घ्या, शेणखत घाला, दोन-तीन बिया टोका. वेल भिंतीवर चढवू नका. तुराट्यांचा ताटवा बांधून तो तिरका उभा करा, आणि भिंत व ताटवा यांत वीतभर फट ठेवा. त्या फटीतून वारा खेळतो, भिंत वाळते, आणि वेलाचा भार तुराट्यांवर पडतो. खाली गल्लीच असेल, खड्ड्याला जागा नसेल, तर माथ्यावर फुटक्या रांजणात माती भरून वाल किंवा मायाळू लावा आणि वेल खाली सोडा. पण रांजण कडेपासून तीन फूट आत ठेवा आणि पाणी बेताने घाला. न्हाणीचे पाणी भिंतीच्या पाठीशी कधीही सोडू नका.

पायथ्याचा एक फूट भाग पानांपासून मोकळा ठेवा. दगडांच्या सांदीत फुरसे आणि विंचू राहतात. भाजी तोडताना हात घालण्याआधी काठीने वेल हलवून घ्या.

आणि भिंत तपासताना तीन गोष्टी पाहा. पोट आले आहे का? दगड हलतात का? पाणी निघायची भोके उघडी आहेत का? भोकेच नसतील तर जाणत्या गवंड्याकडून पाच-सहा फुटांवर पाडून घ्या, आणि त्यांच्या मागे खडी भरा. पोट आले असेल तर या वर्षी वेल लावू नका. आधी तेवढा भाग उतरवून पुन्हा रचून घ्या आणि दर थराला आरपार दगड घाला. वेल काय, पुढच्या मृगालाही लागेल.