खोक्याचा भार खोक्यानंच पेलावा



आम्ही लालबाग-परळच्या बायका. आमच्या भागात मसाल्याची दुकानं आहेत, चिवडा गल्ली आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर इथे भाजणीचा आणि खमंग पोह्यांचा वास सुटतो. आमचा गटही फराळ करतो. शिवाय गावाकडच्या गटांनी केलेले पापड, कुरडया, सांडगे आम्ही मागवतो आणि इथे विकतो. म्हणजे तुम्ही पाठवणाऱ्या आणि आम्ही उतरवून घेणाऱ्या. आज बोलायचं आहे ते तुमच्या आणि आमच्या मधल्या वस्तूविषयी, म्हणजे खोक्याविषयी.

पापड कसा लाटायचा हे आम्ही तुम्हाला काय सांगणार? पण चांगला लाटलेला, चांगला वाळलेला पापड दादरला उतरवताना चुरा होऊन निघतो, तेव्हा जीव हळहळतो. गेल्या काही वर्षांत अशी खोकी आम्ही पुष्कळ पाहिली. एकदा सात-सात खोक्यांची थप्पी लावलेला माल आला. वरची तीन खोकी धड होती. खालच्या दोन खोक्यांची झाकणं खचून पापडांवर टेकली होती. ते पापड विकता आले नाहीत, भाजून चुरा करून मसाला पापडात घातले. पैसे मात्र आख्ख्या पापडाचे मिळतात, चुऱ्याचे नाही. ज्या बायकांनी उन्हात बसून ते वाळवले, त्यांची तेवढी मजुरी गेली.

आता हिशेब करू. एका खोक्याचं वजन सहा किलो धरा. थप्पी सातची. सगळ्यात खालच्या खोक्यावर वरच्या सहांचं वजन, म्हणजे छत्तीस किलो. सहावी-सातवीतलं एखादं मूल रात्रभर त्या खोक्यावर बसून आलं असं समजा. त्यात टेंपो खड्ड्यात आदळला की त्या क्षणापुरता भार आणखी वाढतो. हे वजन कोणी पेलायचं, खोक्यानं की पापडानं? सगळी गोष्ट या एका प्रश्नाची आहे.

एकावर एक रचायच्या कुठल्याही डब्याला तीन कामं करावी लागतात. पहिलं, वरच्याचं वजन पेलायचं. दुसरं, वरच्याला बाजूला सरकू द्यायचं नाही. तिसरं, हिसका बसला तरी वरच्याला सुटू द्यायचं नाही. ही तिन्ही कामं करणारी एक वस्तू तुमच्या-आमच्या घरात आहे. ती म्हणजे कप्प्यांचा जेवणाचा डबा.

तो डबा एकदा हातात घेऊन नीट बघा. वरच्या कप्प्याच्या बुडाला एक पायरी असते. ती खालच्या कप्प्याच्या तोंडात बसते, म्हणून कप्पा सरकत नाही. वरच्या कप्प्याचं बूड हेच खालच्याचं झाकण, म्हणून दर कप्प्याला वेगळं झाकण लागत नाही. वजन धातूच्या काठावरून खाली उतरतं, भाजीवर येत नाही. दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतात आणि वर कडी दाबून बसते, म्हणून सगळे कप्पे एकजीव होतात. डबा कलंडला तरी आमटी जागच्या जागी राहते.

मुंबईचे डबेवाले हाच डबा घेऊन धावतात. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातले, म्हणजे गावाकडचेच. दादर, परळच्या स्टेशनांवर त्यांचे लांब लाकडी ट्रे डोक्यावर चढताना आम्ही लहानपणापासून पाहतो आहोत. एका ट्रेमध्ये तीस-चाळीस डबे बसतात. त्यातली खुबी लक्षात घ्या. सगळे डबे काही एका मापाचे नसतात. कोणाचा उंच, कोणाचा बुटका, कोणाचा पिशवीतला. म्हणून डब्यावर डबा रचायच्या भानगडीत ते पडत नाहीत. ट्रेची चौकट सगळ्यांना धरून ठेवते. आपल्याला हे उपयोगी आहे. माल वेगवेगळ्या मापाचा असेल तर तो आधी एका मापाच्या चौकटीत घालायचा आणि मग चौकटीवर चौकट रचायची.

आता घरातल्या डब्यावरून गोदीकडे जाऊ. आमच्या भागातून पूर्वेकडे गेलं की मुंबईची गोदी लागते. प्रिन्सेस डॉक १८८० चा. आज ज्याला इंदिरा डॉक म्हणतात तो १९१४ चा. तिथे वर्षानुवर्षं पोती, पेट्या, पिंपं माणसांनी पाठीवर वाहून जहाजात चढवली आणि उतरवली. तुमच्यापैकी कित्येकींचे सासरे, चुलते, मामा या शहरात हमाली करून गेले असतील. प्रत्येक नगाचं माप वेगळं, म्हणून प्रत्येक नग हातानं उचलायचा आणि हातानं रचायचा. एक जहाज रिकामं व्हायला दिवसच्या दिवस लागत. मोडतोड आणि चोरीही व्हायची.

अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाचे एक ट्रकमालक होते. त्यांना वाटलं, ट्रकमधला माल काढून जहाजात भरण्यापेक्षा ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांचं ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज अशा ५८ पेट्या घेऊन निघालं. तोच आजचा कंटेनर. पण पेटी मोठी केली एवढ्यानं भागत नव्हतं. समुद्रात जहाज डोलतं, त्यावर पेटीवर पेटी उभी राहायला हवी. त्यांचे इंजिनिअर कीथ टँटलिंगर यांनी त्याचा तोडगा कोपऱ्यात शोधला.

कंटेनरच्या आठ कोपऱ्यांना आठ जाड पोलादी ठोकळे असतात आणि त्यांना भोकं असतात. खालच्या पेटीचा कोपरा आणि वरच्या पेटीचा कोपरा यांच्यामध्ये एक कुलूप बसवतात. किल्ली फिरवल्यासारखा त्याला पाव फेरा दिला की दोन्ही पेट्या एकमेकींना धरून बसतात. वजन चार कोपऱ्यांच्या चार खांबांतून सरळ खाली उतरतं. कंटेनरचा पत्रा आणि छप्पर त्या मानानं पातळच असतं. भरलेल्या कंटेनरवर भरलेले कंटेनर रचतात ते खांबांच्या जोरावर. घराचं वजन जसं खांबांवर असतं तसंच हे.

आणखी एक मोठी गोष्ट त्यांनी केली. कोपऱ्याच्या या रचनेवरचा आपला हक्क त्यांच्या कंपनीनं सोडून दिला आणि ती जगाला फुकट वापरू दिली. म्हणून सगळ्या देशांच्या पेट्या एकमेकींवर बसू लागल्या. कुलूप कितीही चांगलं असलं, तरी शेजारणीच्या पेटीला ते बसत नसेल तर काय उपयोग?

आपल्याकडे १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरचं बरंचसं काम तिकडे गेलं. त्यानं मालाची मोडतोड कमी झाली, वेळ वाचला. पण जे काम शेकडो हात करत होते ते क्रेन करू लागली, आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाची गरज कमी झाली. आमच्या भागातल्या चाळींनी गिरण्या बंद झालेल्या पाहिल्या तसंच हेही पाहिलं. सोय एकाच्या पदरात पडते आणि झीज दुसऱ्याच्या, हे विसरून चालत नाही. म्हणून आपल्या गटासाठी खोकं ठरवताना ते उचलणाऱ्या बाईच्या पाठीचाही विचार करा. एका बाईला वाकून सहज उचलता येईल एवढंच वजन एका खोक्यात भरा.

आता पुठ्ठ्याच्या खोक्याकडे येऊ, कारण बहुतेक गट तेच वापरतात. पुठ्ठ्याच्या खोक्याचंही कंटेनरसारखंच आहे. त्याची बरीचशी ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते. बाजूचा मधला भाग दाबला की लगेच फुगतो. म्हणून थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. आपल्याला सवय असते विटा रचायची, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. भिंतीला ते बरोबर आहे, खोक्याला नाही. विटेसारखी रचना केली की वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो, आणि खालच्याची ताकद जवळपास निम्म्यानं कमी होते. अशी थप्पी दिसायला घट्ट दिसते, पण आतून खचते. खोकी सरळ एकावर एक ठेवा आणि थप्पी हलू नये म्हणून बाहेरून दोरीनं किंवा पट्टीनं बांधा. वजन पेलायचं काम कोपरे करतील, धरून ठेवायचं काम दोरी करेल.

खोकी विकत घेताना आणखी चार गोष्टी बघा. पुठ्ठा तीन थरांचा, पाच थरांचा, सात थरांचा मिळतो. लांबच्या प्रवासाला आणि उंच थप्पीला तीन थर पुरत नाहीत, निदान पाच थरांचा घ्या. पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा उभ्या असल्या पाहिजेत, आडव्या असतील तर खोकं लवकर बसतं. तिसरं, ओल. पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो आणि मुंबईची हवा वर्षातले बरेच महिने दमटच असते. खोकी जमिनीवर टेकवू नका, खाली फळ्या घाला. चौथं, काळ. आज नीट उभी असलेली थप्पी महिन्याभरानं खचू शकते, कारण सतत भाराखाली पुठ्ठा थकत जातो. साठवणीची थप्पी प्रवासाच्या थप्पीपेक्षा बुटकी ठेवा.

आणि भरताना एक नियम पाळा: बाजूंनी ठासून, वरून बोटभर मोकळं. बाजूला फट राहिली तर माल आदळतो, तिथे कागदाचे बोळे घाला. वर मात्र झाकण मालाला टेकता कामा नये. टेकलं की भार मालावर आला.

भाजी-फळांना आणि नेहमीच्या ये-जा करणाऱ्या मालाला प्लास्टिकचा क्रेट बरा. टोमॅटोवाले ज्याला कॅरेट म्हणतात तोच. त्याच्या वरच्या काठाला खाच असते, तिच्यात वरच्या क्रेटचं बूड बसतं, म्हणजे सरकायची भीती नाही. काही क्रेट असे असतात की उलट तोंडानं फिरवले की रिकामे एकात एक शिरतात. भरलेले एकावर एक, रिकामे एकात एक. परतीच्या गाडीत जागा कमी लागते, भाडं वाचतं. क्रेट महाग पडतो, पण पुन्हा पुन्हा वापरता येतो. मात्र तो परत आला पाहिजे. प्रत्येक क्रेटवर गटाचं नाव आणि नंबर पक्क्या रंगानं लिहा. किती गेले, किती आले याची वही ठेवा. डबेवाल्यांच्या डब्यावरही खुणा असतात, म्हणून तर डबा घरी परत येतो.

माप कोणतं घ्यावं? जगभर ६० बाय ४० सेंटिमीटर हे माप खूप चालतं. त्याच्या निम्मं ४० बाय ३०. म्हणजे दोन लहान खोकी एका मोठ्यावर बरोबर बसतात. १२० बाय ८० च्या लाकडी फळीवर मोठी चार मावतात, १२० बाय १०० वर पाच. फट राहत नाही आणि कोपरा लटकत नाही. लटकलेल्या कोपऱ्याला खालून आधार नसतो, हे लक्षात ठेवा.

हे माप एका गटानं ठरवून भागणार नाही. १५ मार्च १९५९ रोजी आमच्या इथून जवळच, गिरगावात, सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचाच पुढे लिज्जत पापड झाला. वेगवेगळ्या घरांत लाटलेले पापड एकाच पाकिटात बसतात, कारण ते एकसारखे असतात. पापडाचं जे, तेच खोक्याचं. चार गावांच्या गटांचा माल एका टेंपोत यायचा असेल तर चारही गटांनी एकच माप घ्यावं. खोकी एकत्र घेतली तर दरही कमी पडेल.

मोठी खरेदी करण्याआधी घरी एक परीक्षा घ्या. एक खोकं मालानं भरा. थप्पीत त्याच्यावर जेवढं वजन येणार, तेवढं त्याच्यावर ठेवा. धान्याची पोती चालतील, पण मधे सपाट फळी घाला. थोडं जास्तच ठेवा, कारण रस्त्यात खड्डे आहेत. रात्रभर राहू द्या. सकाळी झाकण खचलं का, कोपरे दुमडले का, बाजू फुगल्या का ते बघा. खोकं टिकलं तर घ्या. नाही टिकलं तर थप्पी कमी करा किंवा जाड पुठ्ठा घ्या. आणि थप्पी जास्तीत जास्त किती, तो आकडा प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘पाचच्या वर रचू नये’. हमाल वाचतो. लिहिलेलंच नसेल तर तो जागा असेल तितकं रचणार, त्यात त्याचा दोष नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की खोक्याचा विषय काढा. गेल्या मोसमात किती माल फुटला, त्याचे किती पैसे गेले ते वहीत मांडा. मग चांगल्या खोक्याला किती जास्त पडतील ते शेजारी लिहा. दोन्ही आकडे समोर आले की काय करायचं ते तुम्हीच ठरवाल.

माल पाठवा, आम्ही दादरला उतरवून घ्यायला आहोतच.