एकशे अकरा विजय आणि एक हार



जिंकलेल्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. जत्रेच्या फडात शेवटची कुस्ती कोणी मारली, ते वर्षभर सर्वांच्या तोंडी असते. खाली कोण पडला, ते कोणी विचारीत नाही. आज मी तुम्हांला हरलेल्या मुलींची हकिगत सांगणार आहे. ती आपल्या मुलखातली नाही. दूर अमेरिकेतली आहे. पण ऐकाल तर फार परकी वाटणार नाही.

खेळाचे नाव बास्केटबॉल. बास्केट म्हणजे टोपली. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर कडाक्याची थंडी. पोरे आत कोंडलेली. त्यांना गुंतवून ठेवायचे कसे? ही अडचण काय असते ती मास्तरालाच विचारा! त्याने फळांच्या दोन टोपल्या आणवल्या. दोन बाजूंना दहा दहा फूट उंचीवर ठोकल्या. चेंडू टोपलीत टाकायचा, एवढाच खेळ. टोपलीला बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला की वर चढून काढावा लागे. पुढे टोपली गेली, लोखंडी कडे आले, त्याला बिनबुडाची जाळी आली. उंची मात्र आजही दहा फूटच आहे.

एका बाजूला पाच खेळाडू. मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. चेंडू हातात धरून पळायचे नाही. जमिनीवर आपटत आपटत न्यायचा. कड्यातून टाकला की दोन गुण. लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. कोणी आडदांडपणा केला तर समोरच्याला मोकळी फेक मिळते. तिचा एक गुण. मुलींच्या कॉलेजांच्या सामन्यात दहा दहा मिनिटांचे चार भाग असतात. शेवटी बरोबरी झाली तर पाच मिनिटे जादा.

खेळ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी मुलीही तो खेळू लागल्या. पण लोकांना धास्ती. मुलीच्या जातीला एवढे पळणे झेपेल का? म्हणून मुलींसाठी मैदानाचे तीन भाग पाडले. जी ज्या भागात उभी राहील, तिने तिथेच खेळायचे. रेघ ओलांडायची नाही. नियम बदलत गेले, पण कॉलेजातल्या मुलींना सगळ्या मैदानभर पळायला मोकळीक मिळाली ती १९७१ साली. म्हणजे ऐंशी वर्षे गेली! १९७२ साली तिथे कायदा झाला. सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळेने किंवा कॉलेजाने कोणाला मुलगी म्हणून वगळता कामा नये. खेळही त्यात आला. मग हळूहळू मुलींच्या संघांना शिक्षक मिळाले, मैदाने मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या. 'मुलीची जात' हे शब्द फक्त आपल्याकडेच आहेत असे समजू नका.

आता ज्या दोन कॉलेजांची ही हकिगत, ती दोन्ही मुळात शेतकी शाळा. पहिले कनेटिकट राज्यातले. स्टॉर्स नावाच्या दोघा भावांनी जमीन दिली आणि १८८१ साली तिथे शेतीची शाळा निघाली. तिचेच पुढे मोठे विद्यापीठ झाले. दुसरे दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातले, १८७८ सालचे. तो कापसाचा मुलूख, आपल्या वऱ्हाडासारखा. तिथले लोक फुटबॉलच्या सामन्याला गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन जातात आणि वाजवतात. फार पूर्वी एकदा सामना चालू असताना मैदानात गाय शिरली आणि त्या दिवशी आपला संघ जिंकला, असे ते सांगतात. खरेखोटे त्या गाईलाच माहीत.

कनेटिकटचा मुलींचा संघ म्हणजे त्या खेळातला हिंदकेसरी. त्यांचे शिक्षक जीनो ऑरिएमा. हे मूळचे इटली देशातले. लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आले. १९८५ पासून ते या मुलींना शिकवीत होते. २०१६ पर्यंत त्यांच्या संघाने अकरा वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले होते. त्यांतले शेवटचे चार लागोपाठ.

ही स्पर्धा कशी असते, तेही सांगतो. पाटीवर मांडून पाहा. २०१७ साली तिच्यात ६४ संघ होते. हरला तो घरी गेला, दुसरी संधी नाही. ६४ चे ३२ झाले. ३२ चे १६. मग ८, मग ४, मग २, आणि शेवटी १. म्हणजे ६४ पैकी ६३ संघांचा हंगाम हरूनच संपतो. कितीही चांगले खेळा, एकाला सोडून बाकी सर्वांचा शेवटचा सामना हारीचाच.

आता मिसिसिपीच्या मुलींकडे येऊ. २६ मार्च २०१६ रोजी, १६ संघ उरले असताना, त्यांची गाठ कनेटिकटशी पडली. कनेटिकट ९८, मिसिसिपी ३८. साठ गुणांनी हार! अशा हारीला आपल्याकडे धुव्वा म्हणतात.

इथे जरा थांबतो. मी उभी हयात शाळेत काढली. आमच्या मुली तालुक्याला कबड्डीत हरून आल्या, की दुसऱ्या दिवशी दोन-तीन बाप शाळेत हजर. "गुरुजी, पुरे झालं आता. तिचं नाव काढा. घरी कामं पडलीत." जिंकून आल्या तर हेच बाप पेढे घेऊन येत. मुलगी तीच, पाय तेच, दम तोच. पुढच्या वर्षी सातजणी जमवताना माझ्या नाकी नऊ येत. ज्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. दोघींची तर त्या उन्हाळ्यात लग्ने झाली. त्या हरल्या नसत्या तर आणखी वर्षभर शिकल्या असत्या, असे मला आजही वाटते. मुलगा हरला तर आपण म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. मुलीच्या वाट्याला ते पुढचे वर्ष येत नाही.

मिसिसिपीच्या मुलींना ते वर्ष मिळाले. साठ गुणांनी हरल्या म्हणून कोणी त्यांचा संघ मोडला नाही. त्यांचे शिक्षक व्हिक शेफर यांनी त्याच मुली पुन्हा उभ्या केल्या. त्यांत मॉर्गन विल्यम होती. तिची उंची पाच फूट पाच इंच. आपल्या बायांत ती उंच दिसली असती, पण त्या खेळात तिला बुटकीच म्हणत. तिच्याच संघातली टेआरा मकॉवन सहा फूट सात इंच. दोघी शेजारी उभ्या राहिल्या म्हणजे ताडाशेजारी तूर.

इकडे कनेटिकटच्या तीन जाणत्या खेळाडू शिक्षण संपवून बाहेर पडल्या. लोक म्हणाले, आता हा संघ पडणार. तो पडला नाही. नोव्हेंबर २०१४ पासून हा संघ एकही सामना हरला नव्हता. तसाच तो २०१७ च्या मार्च अखेरपर्यंत आला. लागोपाठ १११ विजय! त्यांतले १०८ दहा किंवा अधिक गुणांनी मिळवलेले. त्या हंगामात फ्लोरिडाच्या एका संघाने त्यांना दोन गुणांपर्यंत आणले, टुलेनच्या मुलींनी तीन गुणांपर्यंत. पण जिंकले कनेटिकटच. शेवटच्या चार संघांत यायचा सामना त्यांनी ९० विरुद्ध ५२ असा घेतला. मिसिसिपीच्या मुलीही चारांत आल्या. त्यांच्या त्या सामन्यात एकट्या मॉर्गनने ४१ गुण केले.

३१ मार्च २०१७. शुक्रवारची रात्र. टेक्सास राज्यातले डॅलस शहर. आपल्याकडे तेव्हा १ एप्रिलची सकाळ होती. त्यामुळे बातमी प्रथम ज्याने ऐकली, त्याला थट्टा वाटली तर नवल नाही.

सुरुवातीलाच मिसिसिपीच्या मुलींनी मुसंडी मारली. एका वेळी त्या १६ गुणांनी पुढे होत्या. कनेटिकटच्या मुलींना मागून पळायची सवयच नव्हती. पण त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. एकेक गुण करीत त्यांनी अंतर तोडले. चाळीस मिनिटे संपत आली तेव्हा दोघांची बरोबरी. शेवटच्या क्षणी मॉर्गनने चेंडू फेकला. कनेटिकटची गॅबी विल्यम्स तिच्याहून सहा इंचांनी उंच. तिने उडी मारून तो हातानेच अडवला. सामना जादा वेळात गेला.

जादा वेळात मिसिसिपी दोन गुणांनी पुढे. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना त्यांच्या एका मुलीकडून धसमुसळेपणा झाला. पंचांनी पुन्हा पुन्हा चित्र पाहून निकाल दिला. कनेटिकटला दोन मोकळ्या फेकी आणि वर चेंडूही. दोन्ही फेकी आत गेल्या. ६४ विरुद्ध ६४. आता कनेटिकटने एकदा चेंडू आत टाकला की झाले. पण त्या चालीतून गुण मिळाला नाही. चेंडू मिसिसिपीकडे आला. बारा-एक सेकंद उरले होते.

चेंडू मॉर्गनने घेतला. समोर पुन्हा तीच गॅबी, जिने मघाशी तिची फेक अडवली होती. मॉर्गन पुढे पळाली, एकदम थांबली, जागेवरून उडाली आणि चेंडू सोडला. या वेळी गॅबीचा हात पोचला नाही. वेळ संपल्याचा भोंगा झाला आणि चेंडू जाळीतून खाली आला. ६६ विरुद्ध ६४.

एकशे अकरा विजयांची माळ तिथे तुटली. त्या क्षणी ऑरिएमा काय करीत होते, ते चित्रात दिसते. ते किंचित हसले. रागाचे हसू नव्हे ते. चांगली फेक पाहिली म्हणजे जाणत्या माणसाला येते तसले. नंतर ते बोलले त्याचा भावार्थ असा, की हार आम्हांलाही समजते आणि दुसरा जिंकला तर त्याचे कौतुक करणे आम्हांला येते. मला हा माणूस त्याच्या अकरा अजिंक्यपदांपेक्षा त्या एका हसण्यासाठी आवडतो.

तुम्ही म्हणाल, मग अजिंक्यपद मिसिसिपीला मिळाले. नाही मिळाले. दोनच दिवसांनी, रविवारी, अंतिम सामना झाला. समोर साउथ कॅरोलिनाचा संघ. याच संघाने त्या हंगामात त्यांना आधी दोनदा हरवले होते. तिसऱ्यांदाही हरवले, ६७ विरुद्ध ५५. आणि मॉर्गन? शुक्रवारी जिला मैत्रिणींनी मिठ्या मारल्या, ती रविवारी शेवटची दहा मिनिटे बाकावर बसून होती. शिक्षकाने दुसरीला खेळवले. त्यावर पुष्कळ बोलले गेले. मला स्वतःला तो निर्णय पटत नाही, पण संघ शेफर यांचा होता.

२०१८ साली मिसिसिपीच्या मुली पुन्हा अंतिम सामन्याला पोचल्या. मॉर्गन तेव्हाही होती. शेवटच्या क्षणीच्या फेकीवर तीन गुणांनी हरल्या. कनेटिकटच्या मुली त्याही हंगामात ३६ सामने जिंकून चारांत आल्या आणि जादा वेळात, एक सेकंद उरला असताना, हरल्या. कनेटिकटला पुढचे अजिंक्यपद मिळाले ते थेट २०२५ साली. शिक्षक तेच, केस मात्र पांढरे.

आणि ती गॅबी, जिच्या डोक्यावरून चेंडू गेला? तिची आई फ्रान्सची. म्हणून ती पुढे फ्रान्सकडून खेळू लागली. ११ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ऑलिंपिकचा अंतिम सामना होता, फ्रान्स विरुद्ध अमेरिका. अमेरिकेच्या बाजूला नफीसा कॉलियर होती. डॅलसच्या त्या रात्री कनेटिकटकडून गॅबीच्या जोडीने हरलेली. अमेरिका तीन गुणांनी पुढे, वेळ संपलेली, आणि चेंडू गॅबीच्या हातात. तिने लांबून फेकला. भोंगा झाला. चेंडू आत गेला. सगळे पॅरिस उभे राहिले. पण पंचांनी पाहिले तो गॅबीच्या पायाचा अंगठा रेघेवर होता. म्हणून गुण तीन नव्हे, दोनच. ६७ विरुद्ध ६६. एका गुणाने हार, आणि गळ्यात रुप्याचे पदक.