वय लपवलं की आजारही लपतो



आज एका आकड्याबद्दल बोलायचं आहे: १४०/९०. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब इथवर चढला आणि लघवीत प्रोटीन दिसलं, की डॉक्टर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. दुर्लक्ष झालं तर झटके येतात, बाळाची वाढ खुंटते, आईचा जीवही जातो. पहिलं बाळंतपण आणि कोवळं वय, दोन्ही एकत्र आले की जास्त सावध राहावं लागतं.

याचा अंदाज आधी येतो का? बऱ्याच अंशी येतो. मोठ्या शहरांत पहिल्या तीन महिन्यांत डॉप्लर सोनोग्राफी आणि रक्ताची खास तपासणी करतात. मानोरा-मालेगावच्या खेड्यात ती कुठून आणणार? पण त्याच अंदाजाचे दोन आधार उपकेंद्रातही मिळतात: मुलीची खरी माहिती आणि पाच मिनिटं शांत बसवून मोजलेला रक्तदाब.

आपण चुकतो ते इथेच. मुलगी सतराची असली तर घरचे एकोणीस सांगतात, नाहीतर पाचव्या महिन्यापर्यंत नावच नोंदवत नाहीत. कायद्याची भीती असते. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो कोणत्याही समाजात असो. पण मोठ्यांच्या चुकीची शिक्षा मुलीच्या शरीराला का? धोका जास्त असेल तर डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती विसाव्या आठवड्याच्या आत, शक्यतो सोळाव्याच्या आधी सुरू व्हावी लागते. पाचव्या महिन्यात नाव नोंदवलं, तर ती वेळ निघून गेलेली असते. आपल्या मनाने मात्र ही गोळी कुणीही देऊ नये.

म्हणून घरात बहीण असो की भाभी, आशाताईंकडे बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, वय खरं सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे सोबत जा. रक्तदाबाचा आकडा कार्डावर लिहिलाय ना, ते स्वतः बघा.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, छातीखाली पोटात कळ: यातलं काहीही दिसलं तर नजर लागली म्हणत बसू नका, १०८ ला फोन लावा. बाळंतपणानंतरही काही आठवडे हा धोका असतो.

आणि पुढच्या वेळी घरात सोळा-सतराच्या मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली, तर "नाही" म्हणणारा पहिला आवाज तुमचा असू द्या.