हातांची भाषा
(राजुरी येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आई कांदेकाढणीस गेली, की थोरल्या बहिणीचे बोट धरून धाकटे मूल शाळेत येते. ते बहिरे असेल तर तहान लागली, पोट दुखते, हे त्याने सांगावे कसे? ते रडते, हातपाय झाडते; आपण त्यास हट्टी म्हणतो. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो.

खुणा शिकविल्यास मूल बोलावयाचे राहील, ही पालकांची भीती निराधार आहे. भाषेवाचून गेलेली पहिली वर्षे मात्र सहजी भरून निघत नाहीत. श्रवणयंत्र अवश्य लावावे. परंतु त्याची वाट पाहत हात बांधून बसू नये.

खुणा मनाने रचू नका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा चित्रफीत-कोश सिद्ध केला आहे. या भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. 'कोठे जातोस?' यातील 'कोठे' तेथे शेवटी येते, आणि भुवयाही प्रश्न विचारतात!

प्रथम दहाच खुणा घ्या, पण साऱ्या वर्गास शिकवा. एकट्या मुलास शिकविलेल्या खुणेला उत्तर कोण देणार? त्या थोरल्या बहिणीस तर आधी शिकवा. घरी त्यास सांभाळणारी तीच.