ड्रमवादकाची थोरवी

पाश्चात्य लोकप्रिय संगीताच्या रसिकांमध्यें एक वाद वर्षानुवर्षें चालत आला आहे. थोर ड्रमवादक कोणास म्हणावें? ज्याचे हात विजेसारखे चालतात त्यास, कीं ज्याच्या आधारावर गाणें उभें राहतें त्यास? पहिल्या पक्षाचे लोक अमेरिकेच्या बडी रिचचें (१९१७–१९८७) नांव घेतात. त्याच्या वेगापुढें व सफाईपुढें मान तुकविलीच पाहिजे. दुसऱ्या पक्षाचा खरा साक्षीदार म्हणजे लिव्हरपूलचा रिंगो स्टार.

रिंगो ऑगस्ट १९६२ मध्यें 'बीटल्स' या चौकडींत दाखल झाला आणि पुढच्याच महिन्यांत लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्याचा पाणउतारा झाला. 'लव्ह मी डू' हें गीत ४ सप्टेंबरला त्याच्या साथीनें मुद्रित झालें होतें. तरीही ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट नांवाचा कसलेला वादक आणून ड्रमवर बसविण्यांत आला, आणि २२ वर्षांच्या रिंगोच्या हातीं खंजिरी देण्यांत आली! वादकाला याहून झोंबणारा प्रसंग कोणता?

परंतु त्यानंतर त्यानें काय वाजविलें तें ऐकावें. रिंगो जन्मतः डावखुरा, आणि ड्रमांची मांडणी मात्र उजव्या हाताच्या वादकासाठीं केलेली. उजवा वादक त्या मांडणीवरून डावीकडून उजवीकडे सहज उतरत जातो. रिंगोचा डावा हात पुढाकार घेई. त्यामुळें गाण्याच्या दोन ओळींमधील जागा भरतांना त्याला किंचित् वळसा पडे, आणि आघात कानाच्या अपेक्षेहून निराळाच लागे. ही अडचणच त्याची ओळख झाली. १९६६ चें 'रेन' किंवा १९६९ चें 'कम टुगेदर' यांतील ड्रमचे बोल चालीपासून वेगळे काढतांच येत नाहींत. खुद्द चौकडींतही रिंगो पहिला वादक नव्हता, असा एक टोमणा जॉन लेननच्या नांवावर खपविला जातो. तो त्याच्या तोंडीं मागाहून घातलेला आहे, इतकेंच.

महाराष्ट्रांतील श्रोत्यास हें नवें वाटूं नये. अहमदजान थिरकवाँसारखा स्वतंत्र वादनांतील अधिकारी पुरुष गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत असे. नुसता ठेका धरणें हें काम तुकडे-तिहाया वाजविण्याहून हलकें आहे, असें येथील जाणता रसिक म्हणणार नाहीं.

पहिल्या पक्षाजवळ मात्र एक बळकट उत्तर आहे: 'लेड झेपेलिन'चा जॉन बॉनम. तो रंगमंचावर लांबलचक स्वतंत्र वादन करी, आणि तरीही गाण्याचा पाया त्याचाच. सप्टेंबर १९८० मध्यें तो वारला. डिसेंबरांत उरलेल्या तिघांनीं आपला संघ मोडल्याचें जाहीर केलें. तेव्हां जोर आणि आधार यांचें मुळांत वैर नाहीं. गाण्याला विसरलेल्या जोराविषयींच काय ती तक्रार.

रिंगोला स्वतंत्र वादनाची आवडच नव्हती. १९६९ च्या 'दि एन्ड' या गीतांत त्यानें आढेवेढे घेत तें एकदां केलें, सुमारें १५ सेकंद. त्यांतही हात वर कांहींही करोत, पायाखालचा मोठा ड्रम एकसारखा लय धरून आहे.